अक्षराआधी गाणं

शिवडीच्या बीडीडी चाळीतला एक तरुण. आंबेडकरी चळवळीतल्या समता सैनिक दलात त्याची ऊठबस, लेझीम हातात घेतली की लोक थांबून बघणार. असा मुलगा शिकलेलाच असणार, या समजुतीने एक जण त्याच्याकडे पत्र घेऊन आला आणि वाचून दाखवायला सांगू लागला. मुलाला त्यातलं एकही अक्षर वाचता येईना. त्याला रडू फुटलं. पुढे दलातल्याच देहलवी नावाच्या मास्तरांनी त्याला मुळाक्षरं शिकवली, बाराखडी गिरवून घेतली. मग मुंबईच्या दुकानांवरच्या पाट्या वाचत वाचत तो वाचायला शिकला.

हा मुलगा म्हणजे वामन तबाजी कर्डक, पुढे सगळ्यांचे वामनदादा. जन्म १५ ऑगस्ट १९२२, देशवंडी, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक. तरुण होईपर्यंत ज्याला अक्षरओळख नव्हती, त्याच्या नावावर आज दहा हजारांच्या घरात गीतं सांगितली जातात. महाराष्ट्रातल्या शेकडो वस्त्यांमध्ये दरवर्षी १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीच्या रात्री, त्याचे शब्द गायले जातात. नाव माहीत नसलेल्यांच्याही तोंडी त्याची लोकगीतं आहेत.

संपादकांनी या अंकासाठी विषय दिला होता बंडखोर रॉक गायकाच्या बालपणाचा. असा गायक घडतो कसा, त्याच्या अंगात गाणं कधी आणि कुठून येतं, हे जाऊन बघा, असं त्यांचं म्हणणं. रॉक म्हटलं की लिव्हरपूल आठवतं, गिटार आठवते, केस वाढवलेली पोरं आठवतात. पण वाद्यं आणि कपडे घटकाभर बाजूला ठेवून या गाण्याकडे पाहिलं तर दिसतो तो तळच्या वस्तीतला एक तरुण, त्याच्यासमोर उसळलेली गर्दी, आणि ज्यांच्या हातात सत्ता आहे त्यांना भर मैदानात विचारलेला जाब. नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्याला असा माणूस शोधायला समुद्र ओलांडावा लागत नाही. म्हणून मी सिन्नरची वाट धरली.

तमाशाचा रस्ता

नाशिकहून पुण्याकडे निघालं की तीसेक किलोमीटरवर सिन्नर लागतं. आज या रस्त्याला माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहती आहेत, कारखान्यांच्या बस आहेत, पलीकडून समृद्धी महामार्ग गेलाय. पण वसाहतींची हद्द ओलांडून आत वळलं की जुना तालुका अजून ओळखू येतो. उघडे डोंगर, पावसाची कायमची ओढ, बाजरीची रानं, विहिरींच्या तळाशी गेलेलं पाणी. सिन्नर हा अवर्षणाचा तालुका. इथल्या कोरडवाहू जमिनीवर ज्यांची पोटं भरत नसत ते मुंबईच्या गिरण्यांकडे जात, किंवा विड्यांच्या धंद्याकडे वळत.

सिन्नरची विडी महाराष्ट्रभर गेली. टेंभुर्णीचं पान फर्म्यावर ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांच्या एका वळशात गुंडाळी करून तोंड मुडपायचं आणि दोरा मारायचा. बायका उंबऱ्याशी बसून हे काम करताना दिसतात तेव्हा त्यांची नजर हातांवर नसते. मान वर, गप्पा चालू, आणि बोटं आपल्या लयीत. वामनच्या घराचा या धंद्याशी संबंध अगदी खालच्या टोकाला होता. कर्डकांच्या वाट्याला महारकीची थोडी जमीन होती, तिच्यावर भागत नसे. रानातून लाकडं तोडून मोळ्या सिन्नरच्या बाजारात विकायच्या, टेंभुर्णीची पानं गोळा करून विडी कारखान्याला घालायची, यावर घर चाले. वडील तबाजी, आई सईबाई, भाऊ सदाशिव, बहीण सावित्री. शाळा या घरापासून फार लांब होती.

नाशिक-पुण्याचा हाच रस्ता सिन्नरवरून पुढे संगमनेरला जातो आणि तिथून नारायणगावला. मराठी तमाशाचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही नावं पुरेशी आहेत. पठ्ठे बापूरावांच्या फडाचं नाव जिने गाजवलं ती पवळा संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची, जन्माने महार. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाईंचं गाव. जत्रांच्या हंगामात या पट्ट्यातून फड जात-येत असत. मोळी डोक्यावर घेऊन बाजाराला जाणाऱ्या मुलाच्या कानांवर ढोलकी पडायला तिकीट काढावं लागत नव्हतं.

कानांची शाळा

त्या काळच्या गावात गाण्याचे किती स्रोत होते याची आज कल्पना येत नाही. पहाटे जात्यावरच्या ओव्या. दारावर येणारा वासुदेव. रात्री चावडीजवळ किंवा वाड्यात एकतारीवरचं भजन, त्यात चोखोबा आणि कबीर दोघंही. लग्नात गोंधळ, सप्त्यात भारूड, जत्रेत वग. यातलं काहीही कागदावर नव्हतं. जे ऐकलं ते दुसऱ्या दिवशी म्हणता आलं तरच आपलं.

पाठांतराच्या या पद्धतीत मुलगा नकळत तीन गोष्टी शिकतो. पहिली चाल, कारण शब्द विसरले तरी चाल राहते आणि चालीला धरून शब्द परत येतात. दुसरी यमकाची जागा. अंतऱ्याची शेवटची ओळ अशा अक्षरावर आणून सोडायची की ऐकणाऱ्याने आपणहून ध्रुपद उचललं पाहिजे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे श्वास. ओळ एका दमात म्हणता आली पाहिजे, नाहीतर चालता चालता, काम करता करता ती म्हणता येत नाही. वामनदादांची गीतं कुठूनही उघडून मोठ्याने वाचा. ओळ लहान आहे, शब्द दोन-तीन अक्षरी आहेत, आणि दुसऱ्या खेपेला तुम्ही ध्रुपद न बघता म्हणता. पुस्तकातून छंद शिकलेल्या कवीला हे जमवायला वर्षं घालवावी लागतात. वामनकडे ते अक्षर येण्याआधी होतं.

बालवयातली प्रतिभा म्हटली की आपण पाच वर्षांच्या मुलाने पेटीवर बोटं फिरवल्याच्या गोष्टी सांगतो. देशवंडीच्या मुलाबद्दल अशी चमत्काराची गोष्ट मला जोडायची नाही. त्याच्या घरात पेटी नव्हती. त्याचं बालपण ऐकण्यात गेलं, आणि ऐकणं ही त्याच्या वाट्याला आलेली एकमेव शाळा होती. ती त्याने पुरती केली, असं मी म्हणेन.

साडेसात वर्षं आणि तेरा वर्षं

वामन साडेसात वर्षांचा असताना, २ मार्च १९३० रोजी, नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे अशा जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांच्या बळावर हजारो माणसं पंचवटीत जमली. मंदिराचे दरवाजे बंद झाले. लढा पुढे काही वर्षं चालला आणि दरवाजे काही उघडले नाहीत. वामन तेरा वर्षांचा असताना, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली.

सिन्नरच्या दोन बाजूंना नाशिक आणि येवलं. एका पिढीचं बालपण या दोन घटनांच्या मधे गेलं. काळारामाच्या पूर्व दरवाज्यासमोर आज उभं राहिलं तर प्रसादाची दुकानं, चप्पल सांभाळणारे आणि यात्रेकरूंची गर्दी दिसते. दगडी भिंत उंच आहे. जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून चालत आलेल्या माणसांनी हीच भिंत बाहेरून बघितली आणि परत जाऊन आपापल्या वाड्यात तिच्याबद्दल सांगितलं. हे सांगणं गाण्यातून झालं, ही या कहाणीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे.

कारण त्याच सुमारास आंबेडकरी जलसा उभा राहत होता. १९३१ च्या आसपास भीमराव कर्डक यांनी 'नाशिक जिल्हा युवक संघ' या नावाने जलसा काढला. आडनाव एक असलं तरी भीमराव आणि वामनदादा वेगळे. भीमराव वामनदादांहून वयाने बरेच मोठे. जलशाची मूळ कल्पना सत्यशोधकांची. महात्मा फुल्यांच्या अनुयायांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातला मालमसाला बदलला. गण, गवळण, बतावणी, वग हा तमाशाचा क्रम ज्याला माहीत आहे असा गावकरी जलशात पहिल्या पाच मिनिटांत रमतो. पण गणात देवाऐवजी माणसाला वंदन होतं, गवळणीतली छेडछाड गळते, आणि वगाच्या जागी सावकार, पुरोहित, दारू, अस्पृश्यता, मुलीचं शिक्षण असे विषय येतात. गडी हसतो, टाळी देतो, आणि घरी जाताना त्याच्याबरोबर एक सवाल जातो.

वर्तमानपत्र ज्या वस्तीत पोहोचत नव्हतं, पोहोचलं तरी वाचता येत नव्हतं, तिथे जलसा हेच वर्तमानपत्र होतं. बाबासाहेब मुंबईत काय बोलले, महाडच्या सत्याग्रहात काय झालं, हे लोकांना गाण्यातून कळलं. म्हणून या मातीत वाढलेल्या मुलासाठी गाणं आणि लढा या दोन वेगळ्या गोष्टी कधीच नव्हत्या. पश्चिमेतल्या रॉक गायकाने आधी गाणं शिकून मग त्यात बंड आणलं. इथे बंड आधी गावात आलं होतं, ढोलकीवर बसून.

एकशेसाठ चौरस फूट

देशवंडी सोडून मुंबईत आलेल्या वामनने हाताला मिळेल ते काम केलं. कोळशाच्या वखारीत राबला, चिक्की विकली, आइसफ्रूट विकलं, खडी फोडली, पुढे टाटा ऑइल मिलमध्ये लागला. सिनेमाच्या स्टुडिओंत गर्दीतल्या माणसाची कामंही केली. राहायला शिवडीची बीडीडी चाळ. ब्रिटिश सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात कामगारांसाठी बांधलेल्या या चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, मधे लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची.

अशा खोलीत एकांत नावाची गोष्ट नसते. शेजारच्याचं भांडण, वरच्याचं बाळ, बोळातली भजनी मंडळी सगळं कानावर आदळतं. गावात जे गाणं ऋतूंप्रमाणे यायचं ते इथे रोज रात्री होतं, आणि त्यात भर पडली हिंदी सिनेमाची. कोकणातलं नमन, घाटावरचा पोवाडा, उत्तरेकडची कव्वाली, इराण्याच्या हॉटेलातला रेडिओ. नाशिकच्या कानाला मुंबईने आणखी दहा कान दिले. चाळींच्या मैदानांत समता सैनिक दलाच्या कवायती चालत, लेझीम पथकं असत. वामन तिथे पुढे असे.

आणि मग ते पत्र.

या प्रसंगाकडे मी पुन्हा पुन्हा का जातो ते सांगतो. वामनदादांवर जे बोललं जातं त्यात हा प्रसंग करुण कहाणी म्हणून येतो. गरीब बिचारा मुलगा, त्याला वाचता येत नव्हतं, मग शिकला, मोठा झाला. मला त्यात करुणेपेक्षा अपमानाची धग जास्त दिसते. हजार वर्षं अक्षरापासून लांब ठेवलेल्या माणसाला ती बंदी एका साध्या चिठ्ठीच्या रूपाने हातात धरता आली. काळारामाच्या दरवाज्याबाहेर उभ्या राहिलेल्यांना जे वाटलं असेल, तेच. फरक एवढा की हा दरवाजा उघडता येण्याजोगा होता, आणि तो त्याने उघडला.

पाट्या वाचून वाचायला शिकणं म्हणजे काय, हे मी शिवडीच्या रस्त्यावर चालताना करून बघितलं. आजही दुकानाच्या पाटीवर एक किंवा दोन शब्द असतात, मोठ्या अक्षरात, आणि शेजारी त्या शब्दाचा अर्थ प्रत्यक्ष मांडून ठेवलेला असतो. किराणा म्हटलं की समोर पोती. केशकर्तनालय म्हटलं की आरसा आणि खुर्ची. प्रौढ माणसाला याहून चांगली अंकलिपी कुणी देऊ शकणार नाही. पुढे याच कवीने टाटा-बिर्लांपासून गल्लीतल्या सावकारापर्यंत सगळ्यांना नाव घेऊन गाण्यात ओढलं. त्याच्या कवितेत वस्तू आणि नावं इतकी ठोस का असतात याचं एक कारण मला या पाट्यांमध्ये दिसतं.

३ मे १९४३ हा वामनदादांच्या पहिल्या गीताचा दिवस. राणीच्या बागेत बसून त्यांनी एका हिंदी गाण्याचं विडंबन रचलं, आणि ते ऐकून मंडळी खूश झाली. तेव्हा त्यांना एकविसावं चालू होतं. त्याच वर्षी नायगावला त्यांनी बाबासाहेबांना पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर विडंबन मागे पडलं आणि भीमगीत पुढे आलं, ते १५ मे २००४ रोजी नाशिकमध्ये शेवटचा श्वास घेईपर्यंत थांबलं नाही.

उसनी चाल

नाशिक रोडच्या बाजूला एका वस्तीतल्या बुद्धविहारात संध्याकाळी गायन पार्टीची तालीम चालते. तिथे काही संध्याकाळी बसलो. मधे पेटी, डावीकडे ढोलकी, उजवीकडे बँजो. हा बँजो म्हणजे टाइपरायटरसारख्या कळा असलेला बुलबुलतरंग, त्याला आता पिकअप बसवलेला, वायर थेट अ‍ॅम्प्लिफायरला. मागे ऑक्टोपॅड. चार मुलं कोरसला. त्यातली दोन कॉलेजात, एक सातपूरच्या कारखान्यात कंत्राटी कामावर, चौथा रिक्षा चालवतो.

गायकाने वही उघडली. दोनशे पानी, पुठ्ठा सुटलेली, चिकटपट्टी लावलेली. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर उजव्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं 'चाल', आणि पुढे एखाद्या जुन्या हिंदी किंवा मराठी गाण्याचा पहिला शब्द. त्याखाली पट्टी, काळी दोन किंवा पांढरी चार. मग ध्रुपद, आणि ते संपल्यावर दोन उभ्या रेघांमध्ये 'धृ'. अंतऱ्यांच्या ओळी निळ्या शाईत, कोरसने उचलायचे शब्द लाल शाईत. शेवटच्या अंतऱ्यात 'वामन' हे नाव आलं की त्याखाली एक रेघ ओढलेली. एवढ्या खुणांवर ढोलकीवाला ठेका ओळखतो, पेटीवाला पट्टी धरतो, आणि आधी कधी न म्हटलेलं गाणंही दहा मिनिटांत उभं राहतं.

चाल उसनी घेण्याला आपल्याकडे नाकं मुरडली जातात. सिनेमाच्या चालीवर शब्द बसवले की ते हलकं गाणं, असा शिक्का. पण कामाच्या दृष्टीने बघा. दुपारी बातमी आली, एखाद्या गावात अत्याचार झाला किंवा सभा ठरली. रात्री हजार माणसं जमणार आहेत. नवी चाल बांधायला, वाद्यवाल्यांना शिकवायला वेळ नाही. लोकांच्या ओठांवर असलेली चाल घेतली तर शब्द त्याच रात्री पोहोचतात आणि गर्दी दुसऱ्याच फेरीला बरोबर गाऊ लागते. अमेरिकेत वुडी गथ्रीने हेच केलं. चर्चमधल्या भजनांच्या आणि जुन्या लोकगीतांच्या चाली घेऊन त्याने दुष्काळाने विस्थापित झालेल्या शेतकऱ्यांची, संपकऱ्यांची गाणी केली. त्याच्या मागे बॉब डिलन आला. मिनेसोटातल्या हिबिंग या खाणींच्या गावात वाढलेला हा मुलगा रात्री उशिरा रेडिओवर दक्षिणेकडची दूरची स्टेशनं लावून कृष्णवर्णीयांचं ब्लूज ऐकत असे. त्याचंही खरं शिक्षण कानांनीच झालं.

वामनदादांनी उसन्या चालींबरोबर स्वतःच्याही चाली दिल्या, गझलेच्या वळणाने रचना केल्या, लावणीचा बाज वापरला. पण त्यांची सगळ्यात हुशारीची गोष्ट मला त्या रेघ ओढलेल्या नावात दिसते. शेवटच्या अंतऱ्यात स्वतःचं नाव गुंफायचं, तेही यमकाच्या किंवा ठेक्याच्या अशा जागी की ते काढून दुसरं घातलं तर ओळ लंगडते. संतांनी अभंगात हे केलं, उर्दू शायरांनी मक्त्यात केलं. ज्या गाण्यांना प्रकाशक नाही, करार नाही, ध्वनिमुद्रिकेवर नाव छापून येण्याची खात्री नाही, त्या गाण्यांचा सात-बारा कवीने असा गाण्यातच नोंदवून ठेवला. ज्यांनी त्यांची गाणी नाव न घेता वापरली त्यांनाही शेवटी 'वामन' म्हणावंच लागलं.

तालमीत एक गोष्ट मी जवळून पाहिली. कंत्राटी कामावरून आलेला मुलगा कोरसमध्ये एका शब्दावर दरवेळी अडखळत होता. शब्द जुना, शेतीतला, त्याच्या पिढीच्या कानावरचा नव्हता. गायकाने पेटी थांबवली, शब्दाचा अर्थ सांगितला नाही. नुसता ठेका दिला आणि त्याच्याकडून तो शब्द ठेक्यात आठ-दहा वेळा म्हणून घेतला. नवव्या वेळी शब्द बसला. अर्थ त्याने नंतर चहा पिताना विचारला. देशवंडीत शंभर वर्षांपूर्वी गाणं असंच एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलं असणार.

तालीम संपता संपता ऑक्टोपॅडवाल्याने आवाज वाढवला आणि बँजोवाल्याने तारेवरून बोट घासत एक लांब किंकाळी काढली. इलेक्ट्रिक गिटारच्या कुठल्याही वादकाने दाद दिली असती. विहाराच्या पत्र्यांना हादरा बसला, बाहेर खेळणारी पोरं दारात गोळा झाली. रॉक म्हणजे हेच की आणखी काही, हा प्रश्न मला त्यानंतर पडलेला नाही.

पाचगणीचा पियानो

तुलनेसाठी महाराष्ट्रातलंच दुसरं बालपण सांगतो. झांझिबारमधल्या पारशी कुटुंबात ५ सप्टेंबर १९४६ ला जन्मलेला फारुख बलसारा आठव्या वर्षाच्या सुमारास पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. बोर्डिंगची शिस्त, घंटेवर उठणं, घंटेवर जेवण. रेडिओवर ऐकलेलं गाणं तो लगेच पियानोवर वाजवून दाखवी. मुख्याध्यापकांनी हे हेरलं, घरी पत्र लिहून जादा फी भरायला सुचवलं, आणि आईवडिलांनी भरली. बाराव्या वर्षी त्याने शाळासोबत्यांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. पुढे जगाने त्याला क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं.

फारुखची प्रतिभा अस्सल होती, त्याबद्दल वाद नाही. पण ती दिसली कारण शाळेत पियानो होता, ऐकणारे मास्तर होते, आणि घरून फी येत होती. सिन्नर तालुक्यातला मुलगा तसाच ऐकलेली चाल लगेच उचलत असेल, तरी ते हेरणारं कुणी नव्हतं. त्याच्या प्रतिभेची पहिली नोंद होते तीच मुळी विशी उलटल्यावर, आणि तीही चळवळीमुळे. समता सैनिक दल नसतं, देहलवी मास्तर नसते, तर हा माणूस कोळशाच्या वखारीत गुणगुणत म्हातारा झाला असता. अशी किती माणसं झाली, याचा हिशेब महाराष्ट्राकडे नाही. बंडखोर कलावंताच्या बालपणाबद्दल बोलताना आपण त्याच्या गुणांचं कौतुक करतो. मला या शोधात त्याहून जास्त जाणवली ती संधी देणाऱ्या संघटनेची ताकद. वामनदादांनी स्वतः हे ऋण आयुष्यभर गाण्यातून फेडलं, आणि पुढे गावोगावच्या पोरांना हाताशी धरून गाणं शिकवलं. खानदेशातले प्रतापसिंग बोदडे यांच्यासारखे कवी-गायक त्यांना गुरू मानत.

वह्या

वामनदादांच्या गीतांचे संग्रह निघाले. 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' ही नावं जाणकारांना माहीत आहेत, 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथनही आहे. पण दहा हजारांचा आकडा डोळ्यांपुढे ठेवला तर छापलेलं किती थोडं आहे ते कळतं. बाकीचं वह्यांमध्ये आहे. प्रवासात, मुक्कामाच्या घरी, सभेच्या आधी रचलेली गीतं ज्या त्या गावच्या गायकाने उतरवून घेतली आणि ट्रंकेत ठेवली. नाशिक, सिन्नर, मनमाड, येवला, भुसावळ, औरंगाबाद, नागपूर. जिथे मुक्काम तिथे वही.

या वह्या आता मरणपंथाला लागल्या आहेत. वाळवी आहे, गळकं छप्पर आहे, घर बदलताना रद्दीत जाणारी ट्रंक आहे. आणि कागद राहिला तरी कोपऱ्यातल्या 'चाल' या शब्दापुढचं गाणं ज्यांना आठवतं ती माणसं ऐंशीच्या पुढे गेली आहेत. शब्द वाचता येतील पण म्हणता येणार नाहीत, अशी वेळ फार दूर नाही.

म्हणून वाचकांना माझं एक मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारी, विहारात, गावच्या जुन्या गायन पार्टीकडे अशी वही असेल तर या दिवाळीच्या सुट्टीत ती बाहेर काढा. मोबाइलवर पानन् पान फोटो घ्या, चारही कोपरे येतील असे, कारण चाल आणि पट्टी कोपऱ्यातच लिहिलेली असते. ज्याला चाल येते त्याला समोर बसवून ध्रुपद आणि एक अंतरा म्हणून घ्या आणि रेकॉर्ड करा. आवाज थरथरला तरी चालेल. वही कुणाची, कोणत्या गावची, कधीची, हे पहिल्या फोटोबरोबर लिहून ठेवा. मूळ वही मालकाकडेच राहू द्या, प्रत तालुक्याच्या वाचनालयात द्या आणि पोच घ्या. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभं आहे. जिल्ह्यातल्या गायन पार्ट्यांच्या वह्यांसाठी तिथे एक स्वतंत्र कपाट असावं, अशी मागणी आपण सगळ्यांनी मिळून करायला हवी.